बाहेरच्या खोलीतला दिवाण

मखमलाबाद, नाशिक
गुरुवार, ६ मार्च २०२५

तीर्थरूप सगुणाआक्का यांना,
प्रतिभाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आमची लेक हर्षाली उद्या सासरच्यांबरोबर गडावर देवीला चालली आहे, जाताना वणीला तुमच्याकडे थांबेल. तिच्याजवळ मेथीच्या जुड्या, थोडा लसूण आणि तिळाच्या तेलाची बाटली देते आहे. तेल गुडघ्याला चोळायचं आहे. मागच्या खेपेला तुमच्या सुनेने ते फोडणीला घातलं होतं. राजचं काम बरं चाललंय. सूनबाईची, सृष्टीची बँकेतली नोकरी पक्की झाली. द्राक्षाच्या हंगामामुळे मजूर मिळत नाहीत, म्हणून गुलाब आम्हीच तोडतो आणि हात ओरबाडून घेतो. बाकी सगळे ठीक आहेत असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण सगळं ठीक असतं तर मी पत्र कशाला लिहायला बसले असते?

तुम्ही म्हणाल, फोन काय मेला होता? आक्का, तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. तुमच्याशी बोलायचं म्हणजे संतोषशी, त्याच्या बायकोशी आणि दारात गप्पा मारत बसलेल्या शेजारणींशीही बोलायचं. परवा तुम्ही मला जे बोललात तेसुद्धा त्या सगळ्यांनी ऐकलं असणार. "मोतीरामला मळ्यात हाकललंस म्हणे! या वयात शोभतं का तुला?" मला त्याचा राग नाही. थोडा आहे. पण तुम्ही फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याला टेकून उभी होते, ते रागाने नव्हे. येत्या रविवारी नामपूरच्या मामांना घेऊन येते आणि दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकते, असं तुम्ही म्हणालात.

म्हणून रविवारच्या आत तुम्हाला एकटीला काही सांगायचं आहे. पाकीट चिकटवून देते. वाचून झालं की चुलीत घाला.

आमचं भांडण नाही, आक्का. म्हणजे होतं. तुम्ही मिटवायला निघालात ते कधीच मिटलं. आणि ज्या दिवसांत खरंच मोडायची वेळ आली होती, त्या दिवसांत सगळे म्हणत होते, काय छान चाललंय हो तुमचं घर.

राजचं लग्न आठवा. सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी तुम्ही आमच्या आतल्या खोलीत आलात. नव्या जोडीला ती खोली द्यायची हे ठरलेलंच होतं. पण आम्ही कुठे निजायचं, हे कुणीच बोललं नव्हतं. तुम्ही ह्यांची गादी गुंडाळलीत, उशी काखेत घेतलीत आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर नेऊन टाकलीत. माझं अंथरूण देवघराजवळ. सगळ्या बायकांसमोर हसत म्हणालात, "सासू झालीस प्रतिभा, आता बायकोपण पुरे!" बायका हसल्या, मीही हसले. हे दारातच उभे होते. मग आत आले, भिंतीच्या खिळ्यावरचा मोबाइलचा चार्जर काढून घेतला आणि गेले.

तुम्ही वाईट मनाने केलं नाहीत. आपल्याकडे असंच असतं. आमच्या आत्याबाईंनी, तुमच्या आईनेही, तेच केलं होतं, मी नवी नवरी असताना. सून आली की सासूने सासऱ्यांपासून लांब निजायचं, नाहीतर सुनेसमोर काय इज्जत राहते? मीही तेच धरून चालले होते. मला तर वाटलं होतं, सुटले. दिवसभर फुलं तोडायची, माळा करायच्या, रात्री पाठ टेकली की झोप. पाळी जायच्या सुमाराला अंगाची आग व्हायची, जवळ आलेलं नको वाटायचं, तेही होतं. सगळं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते.

पहिले काही महिने लग्नाच्या गडबडीत गेले. मग धुसफूस सुरू झाली. कशावरून म्हणाल तर कशावरूनही. चहा गार का झाला. मोटार बंद कुणी केली. हे जेवताना टीव्ही लावायला लागले, मी मुद्दाम भांडी आपटायला लागले. मी फटकळ आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण ह्यांना मी चिडवायची, टोचायची कधी नाही. आता टोचायला लागले. हे कधी घरात आवाज चढवून बोलले नव्हते. एकदा सृष्टीच्या आईवडिलांसमोर म्हणाले, "या घरात माझं हाय काय? एक दिवाण." सगळ्यांनी चेष्टा समजून सोडून दिलं.

पूर्वी भांडायचो नाही असं नाही. पण तेव्हाचं भांडण रात्रीपर्यंत टिकायचं. पाठीला पाठ करून निजलो तरी कुणाचा तरी पाय लागायचा, कुणीतरी फिसकन हसायचं, आणि पुढे जे व्हायचं त्यात भांडण वाहून जायचं. सकाळी मी ह्यांना दोन पोळ्या जास्त वाढायची. आता भांडण जिथल्या तिथे राहायचं, आणि सकाळी त्याच्यावर नवं चढायचं. एका घरात राहून आम्ही शेजाऱ्यांसारखे वागत होतो, तेही न पटणाऱ्या. गेल्या श्रावणात मी पेठला भावाकडे निघून जायला पिशवी भरली होती. परत यायचं असं मनात नव्हतं. भावाचाच फोन आला की तो बाहेरगावी चाललाय, म्हणून राहिले. नाहीतर तुम्ही तेव्हाच मामांना घेऊन आला असतात, आणि तेव्हा मिटवण्यासारखं काही उरलंही नसतं.

माणसं म्हणतात, या वयात नवरा-बायकोला काय लागतं? दोन वेळचं जेवण आणि साखरेची गोळी. मीही असंच म्हणायची. पण देवघराजवळ पडल्या पडल्या मला कळलं की मला ते हवं आहे. लिहिलं एकदाचं. मला तुमच्या भावाचं जवळ येणं हवं होतं. नुसता शेजार नव्हे, नुसता हातात हात नव्हे, सगळंच. बावन्न वर्षांच्या बाईने हे थोरल्या नणंदेला लिहावं का? लिहू नये. पण तुम्ही रविवारी येताय, आणि माझ्याजवळ दुसरा उपाय नाही.

दसऱ्याच्या आधी झेंडू तोडणीला आला होता. पेठकडचे मजूर येतो म्हणाले आणि दुसरीकडे जास्त भाव मिळाला म्हणून तिकडे गेले. आम्ही दोघं आणि राजच. दुपारी राज गाडी भरून गणेशवाडीच्या फूलबाजारात गेला आणि मळ्यात आम्ही दोघंच उरलो. दोघांचेही हात पिवळेहिरवे झालेले. फुलांचे रिकामे कॅरेट पालथे घालून बसलो, भाकरी सोडली. मी म्हटलं, लोणचं आणायचं राहिलं. हे म्हणाले, "तुझं माझ्याकडं ध्यान असतं कुठं?"

मी भांडायला तोंड उघडलं तर हेच पुढे म्हणाले, "तुला तेच पायजे होतं ना? म्हातारा भायेर गेला, बरं झालं."

"मी घातलं का बाहेर? आक्कांनी उशी उचलली."

"आक्कानी उशी उचलली, खरं हाय. पण तू खाली मान घातली. मी दारात उभा राहून तुझ्याकडंच बघत होतो. तू एकदा बी वर बघितलं नाय."

आक्का, मला इतके दिवस वाटत होतं ह्यांनाच नकोय. हवं असतं तर तुम्हाला एक शब्द बोलले नसते का? आणि ह्यांना वाटत होतं मला नकोय. दोघंही आपापल्या अंथरुणावर पडून एकमेकांवर रुसलो होतो, आणि लोणच्यावरून भांडत होतो. मी आधी रडले. मग मला राग आला, आणि मी म्हटलं, चार्जर घेऊन जाताना तुमची पाठ बघायला पाहिजे होती, शाळेतून नाव काढलेल्या पोरासारखी. हे हसले. किती दिवसांनी हसले.

त्याच्यापुढचं लिहीत नाही. राजची गाडी संध्याकाळपर्यंत परत येणार नव्हती, एवढं लिहिते.

दिवाळीनंतर ह्यांनी मळ्यात मुक्काम टाकला. घरी सांगितलं, "पंपाला लाईट रात्रीची हाय, पिकाला पाणी कोण देईल?" ते खोटं नाही, काही दिवस वीज रात्रीचीच असते. उरलेल्या दिवसांबद्दल कुणी विचारलं नाही. मी संध्याकाळी डबा घेऊन जाते. मळ्याकडे बिबट्या फिरतो, अंधारात एकटी परत कशी येऊ, म्हणून बरेचदा तिथेच राहते. त्या बिबट्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. अजून दिसला नाही.

सगळं पूर्वीसारखं आहे असं नाही. ह्यांची साखर आणि माझं वय, दोन्ही आड आले. मला दुखायचं, हे ओशाळे व्हायचे, आणि एकदा तर आम्ही पुन्हा गप्प होऊ की काय असं वाटलं. मग मी नाशिकला एका बाई डॉक्टरांकडे गेले. दारातून दोनदा परत फिरले, तिसऱ्यांदा आत गेले. त्यांनी काही तोंड वाकडं केलं नाही. लावायला मलम दिलं, म्हणाल्या, ह्यात लाजायचं काही नाही, आणि मिस्टरांनाही तपासायला आणा. हेही आले, मान खाली घालून. आता गोळ्या वेळेवर घेतात. मी ह्यांना म्हटलं, माझ्या सांगण्यावरून कधी घेतल्या नाहीत, आता बऱ्या आठवतात!

भांडणं आजही होतात, आक्का. काल गुलाबाच्या औषधावरून जोरात झालं. पण ते रात्रीपुढे गेलं नाही.

लताबाईला तुम्ही ओळखताच, आमच्या शेजारची. मी सकाळी मळ्यातून ओले केस घेऊन येताना तिला डेअरीवर दिसते. "एवढ्या सकाळी न्हालीस?" असं तिने विचारलं, आणि मी तशीच पुढे निघाले. त्यावरून तिने काय ते जुळवलं आणि तुम्हाला कळवलं की नवऱ्याला मळ्यात काढलंय आणि ही रात्रभर तिथे जाऊन भांडते. तिच्यापेक्षा आमची सृष्टी शहाणी निघाली. एकदा मी डबा भरत होते, तर म्हणाली, "आई, पिशवी मी भरून ठेवलीय." मळ्यात जाऊन उघडली. भाकरीच्या फडक्याखाली शाल, आणि शालीत गुंडाळलेली एक उशी. नवा अभ्रा घातलेली. मळ्यात तोपर्यंत ह्यांची एकच उशी होती.

मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वाटलं, जिच्या लाजेखातर आमचं अंथरूण हललं, तिनेच उशी दिली. आता आणखी कुणाला लाजायचं?

पाडव्याला आम्ही दोघं मळ्यात राहायला जाणार आहोत. शेडच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या आहेत, वर पत्रा आहे, मोरी झाली, नुसता रंग राहिलाय. राजला हे सांगितलं तर तो रागावला. "लोक म्हणतील, राजने आई-बापाला मळ्यात नेऊन टाकलं." त्याला खरं कारण सांगता येत नाही. सृष्टी त्याला सांगेल की नाही ते तिचं ती बघेल. तो म्हणतोय, आत्या आणि मामा रविवारी काय ठरवतील ते.

तुम्ही काय ठरवाल ते मला माहीत आहे. मामा मला समोर बसवून विचारतील, "बाई, तुले काय तरास शे?" मी सगळ्यांच्या देखत काय सांगू? मी गप्प बसेन. मग हेही गप्प बसतील. मग तुम्ही म्हणाल, झालं गेलं विसरा, मोतीराम, घरी ये. आणि दिवाणावर नवी चादर घातली जाईल. तुमच्या भावाने मला परवा सांगून ठेवलंय, "त्या दिवाणावर मी परत नाय यायचा. तू पुन्हा खाली मान घातली, तर मग मी एकलाच ऱ्हाईन, कुठं बी." ते रागात म्हणाले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटते. मला माझीच खात्री नाही, आक्का. पदर डोक्यावर आला आणि चार मोठी माणसं समोर बसली की माझी मान आपोआप खाली जाते. इतक्या वर्षांची सवय आहे.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. आता उठते.

शुक्रवार, सकाळी

पत्र काल बंद करून टाकणार होते. केलं नाही, कारण एक गोष्ट मी रात्री लिहायची टाळली. हर्षाली यायला अजून वेळ आहे, म्हणून लिहिते. रागावू नका, किंवा रागवा, पण वाचा.

संतोषचं लग्न झालं तेव्हा तुम्ही दाजींचं अंथरूण ओट्याजवळच्या खोलीत घातलंत. पुढे कितीतरी वर्षं ते तिथेच निजले, आणि गेले तेही तिथेच, झोपेत. सकाळी संतोषची बायको चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. तुम्ही तेव्हा मागे परसात दात घासत होतात. दहाव्यानंतर दान द्यायला म्हणून आपण दोघी त्यांचं अंथरूण आवरत होतो. तुम्ही त्यांची उशी उचललीत, नाकाशी धरलीत. मग मला म्हणालात, "प्रतिभा, ह्यांच्या उशीचा वास मला वळखू येईना गं."

मी काय बोलले ते मला आठवतं. म्हटलं, आजारी माणसाच्या अंथरुणाला औषधाचा वास येतोच. दाजी तर आजारीही नव्हते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, उशी गाठोड्यात टाकलीत आणि गाठ मारलीत. नंतर त्यावर आपण कधी बोललो नाही.

राजच्या लग्नात तुम्ही ह्यांची उशी काखेत घेतलीत, तेव्हा मला ती दुसरी उशी आठवली नाही. आता मळ्यात निजते तेव्हा रोज आठवते. तुम्ही आमचं अंथरूण वेगळं केलंत म्हणून मला आधी तुमचा राग यायचा. आता येत नाही. तुमच्या वाट्याला जे आलं ते बरोबरच होतं, असं धरून चालला नसतात, तर तुम्ही दिवस कसे काढले असते? आम्हाला वेगळं करताना तुम्ही मनात काय दाबत होतात, ते मी तेव्हा विचारलं नाही. आजही विचारत नाही. तुम्ही आपणहून सांगितलंत तर ऐकीन.

आमच्यातलं कुणीतरी आधी जाणार. हे जातील किंवा मी जाईन. जो मागे राहील, त्याला त्या उशीचा वास ओळखता आला पाहिजे. माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी मामांसमोर मांडू शकत नाही म्हणून तुमच्यासमोर मांडलं.

रविवारी या. जमलं तर मामांना आणू नका. आणलंत, तर त्यांनी विचारल्यावर मी एवढंच सांगेन की मला माझ्या नवऱ्याजवळ राहायचं आहे, म्हणून मी मळ्यात चालले आहे. एवढं तोंडातून निघेपर्यंत तुम्ही माझ्या शेजारी बसा. तुम्ही काही बोलू नका, नुसत्या बसा. तुम्ही शेजारी असलात तर माझी मान खाली जाणार नाही.

मळ्यातल्या घराची आतली खोली आमची. बाहेरच्या खोलीत तुमच्यासाठी खाट टाकली आहे, तिथे उन्हं लवकर येतात, गुडघ्याला बरं. पाडव्याला आलात की चार दिवस राहा. घरातला दिवाण मी राजला विकायला सांगितला आहे.

तुमची भावजय, राजची आई, सृष्टीची सासू,
आणि अजूनही तुमच्या भावाची बायको,
प्रतिभा